जुन्या शिकारी रायफलीची पारख

जुने घड्याळ, जुने व्हायोलिन किंवा जुनी मोटार विकत घेणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग असतो. जुन्या शिकारी रायफली घेणाऱ्यांचाही असा वर्ग ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेत गेली कित्येक दशके नांदतो आहे. मनाजोगती रायफल सापडेपर्यंत वर्षानुवर्षे शोध घेणे, लिलावांच्या याद्या चाळणे आणि दूरच्या विक्रेत्यांशी पत्रव्यवहार करणे हा त्यांच्या छंदाचाच भाग असतो. मात्र घड्याळ बिघडले तर वेळ चुकते. रायफलीची पारख चुकली तर डोळा किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. या खरेदीला म्हणूनच हौसेइतकीच शिस्त लागते. नक्षी आणि लाकूड प्रथम नजरेत भरते, पण पैसे मोजायचे असतात ते नळीचे आणि नोंदींचे. या व्यवहारातील जाणकारांच्या अनुभवाचे सार एवढेच आहे.

हातघडणीची रायफल म्हणजे काय?

कारखान्यात एकाच साच्याच्या हजारो रायफली तयार होतात. त्याउलट ‘कस्टम’ किंवा हातघडणीची रायफल एका विशिष्ट गिऱ्हाइकासाठी, त्याच्या हाताची लांबी, खांद्याची ठेवण आणि तो कोणत्या प्राण्याच्या शिकारीला जाणार हे विचारात घेऊन घडविली जाते. लंडन आणि बर्मिंगहॅम ही या कारागिरीची जुनी केंद्रे. डब्लिनमध्ये १७७५ साली सुरू झालेली जॉन रिग्बी, बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स (१८१२), लंडनच्या जेम्स पर्डी (१८१४) आणि हॉलंड अँड हॉलंड (१८३५) ही त्यांतील प्रमुख नावे. अमेरिकेत १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ग्रिफिन अँड हाउ या पेढीने हीच परंपरा रुजविली.

या रायफलींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला दुनळी रायफलींचा. यात दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या असतात आणि दोन गोळ्या लागोपाठ झाडता येतात. दुसरा बोल्टच्या रायफलींचा. यांपैकी बहुसंख्य रायफलींचा गाभा एकच आहे, तो म्हणजे पीटर पॉल माउझर या जर्मन अभियंत्याने सिद्ध केलेली १८९८ सालची ‘माउझर ९८’ यंत्रणा. काडतूस मॅगझिनमधून सुटताक्षणीच त्याची कड पकडणारी रुंद पोलादी पट्टी, बोल्टला असलेला तिसरा सुरक्षा-खुंट आणि काडतूस फुटल्यास वायू बाजूला सोडणारी छिद्रे या तिच्या गुणांमुळे लष्करासाठी बनलेली ही यंत्रणा शिकाऱ्यांच्याही पसंतीस उतरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिग्बी ही ब्रिटनमधील माउझरची एजंट झाली आणि जर्मन यंत्रणेवर इंग्लिश नळी व अक्रोडाचा दस्ता चढविण्याची रीत पडली.

शोध लांबतो तो का?

एक तर अशा रायफली मुळातच थोड्या बनल्या. रिग्बीची प्रसिद्ध ‘.४१६’ रायफल १९११ मध्ये बाजारात आली. पण दुसऱ्या महायुद्धापूर्वी बनलेल्या मूळ रायफली फारच थोड्या आहेत. दुसरे म्हणजे, जी रायफल एका माणसाच्या मापाची आहे, ती दुसऱ्याच्या खांद्याला बसेलच असे नाही. शिंप्याकडून शिवून घेतलेला कोट दुसऱ्याने घालण्यासारखाच हा प्रकार आहे. तिसरे कारण कीर्तीचे. ‘.२७५ रिग्बी’ या तुलनेने हलक्या रायफलीने आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने हत्ती मारले आणि कुमाऊंमध्ये जिम कॉर्बेटने ती वापरली. परिणामी या काडतुसाच्या जुन्या रायफलींना मागणी अधिक आणि पुरवठा कमी अशी स्थिती कायम राहिली.

आणखी एक कारण इतिहासात दडलेले आहे आणि त्याचा भारताशी थेट संबंध आहे. १८९८ मध्ये आलेले ‘.४५० नायट्रो एक्स्प्रेस’ हे काडतूस मोठ्या शिकारीसाठी फार लोकप्रिय झाले होते. परंतु भारतात आणि सुदानमध्ये या मापाच्या लष्करी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास या दोन्ही प्रदेशांत ‘.४५०’ मापाच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. बंदुका बनविणाऱ्या पेढ्यांनी मग ‘.४६५’, ‘.४७०’, ‘.४७५’ अशी जवळपासची मापे काढली. आज एकेका जुन्या रायफलीसाठी एकेक निराळे काडतूस शोधावे लागते, त्यामागे हे राजकारण आहे.

आधी काडतूस, मग रायफल

म्हणून रायफल पसंत करण्यापूर्वी तिचे काडतूस आज बनते का, हे पाहावे. इंग्लंडच्या काइनॉक कंपनीने मोठ्या मापाच्या शिकारी काडतुसांचे उत्पादन १९६०च्या दशकात गुंडाळत आणले, तेव्हा असंख्य उत्तम रायफली केवळ दारूगोळ्याअभावी भिंतीवर टांगल्या गेल्या. पुढे काइनॉकचे नाव पुन्हा बाजारात आले, अमेरिकेतील फेडरल कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘.४१६ रिग्बी’ बनविण्यास प्रारंभ केला आणि काही मापांना नवे जीवन मिळाले. सर्वांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

खरा धोका मात्र काडतूस न मिळण्यात नसून चुकीचे मिळण्यात आहे. नामसाधर्म्य येथे घातक ठरते. काही उदाहरणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

‘.२७५ रिग्बी’ म्हणजे वस्तुतः माउझरचे ७ × ५७ मिलिमीटरचे काडतूस होय. ‘.२७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम’ हे १९१२ मधील काडतूस सर्वस्वी निराळे आहे. नावातील आकडा समान असला तरी एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही.

‘.४५०/४००’ या नावाची एकाहून अधिक काडतुसे आहेत; एकाची लांबी तीन इंच, तर दुसऱ्याची सव्वातीन इंच. कोणत्या नळीला कोणते चालते, याची खात्री केल्याशिवाय ती हाताळू नयेत.

जर्मन ८ × ५७ मिलिमीटरच्या रायफलींत तर फसगत अधिक. जुन्या नळ्या .३१८ इंच व्यासाच्या गोळीसाठी आहेत. जर्मन लष्कराने १९०५ मध्ये .३२३ इंच व्यासाची गोळी स्वीकारली. जुन्या अरुंद नळीत ही जाड गोळी झाडली तर दाब धोक्याच्या पातळीपलीकडे जातो. शिकारी रायफली बनविणाऱ्यांनी मात्र १९०५ नंतरही बराच काळ अरुंद नळ्या वापरल्या. त्यामुळे केवळ रायफलीच्या वयावरून अंदाज बांधता येत नाही. नळी मोजावीच लागते.

जुन्या रायफलींचे माप मधल्या काळात बदलून घेतलेले असण्याचीही शक्यता असते. नळीवर कोरलेले माप एक आणि आतील कोठी दुसऱ्याच काडतुसाची, असे आढळते. कुशल कारागीर कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू कोठीत ओतून तिचा ठसा काढतात व तो मोजतात. खर्च थोडा असतो आणि शंकेला जागा उरत नाही.

नळीची तपासणी

नळीच्या आतील नागमोडी चऱ्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व सरळ जाते. या चऱ्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत की झिजल्या आहेत, हे रायफलीच्या गतायुष्याचे प्रगतिपुस्तकच असते. जुन्या काडतुसांच्या टोपीत असे रसायन असे, की बार झाल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरे. हा क्षार हवेतील ओल शोषून घेतो. बार झाल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुतली नाही, तर गंज चढून बारीक खड्डे पडत. भारतासारख्या दमट हवेच्या देशात वापरलेल्या कित्येक रायफली वरून निष्कलंक आणि आतून खाल्लेल्या असतात त्या यामुळेच.

‘कॉर्डाइट’ या १८८९ सालच्या धूररहित दारूचा दोष वेगळा. ती अतिशय उष्णतेने जळते आणि कोठीच्या पुढचा भाग झिजवते. शिवाय उन्हाळ्यात तिचा दाब वाढतो. भारत व आफ्रिकेसाठी बनविलेल्या काडतुसांत मोठे कवच आणि कमी दाब अशी योजना असे, ती याच कारणाने.

नळी पाहताना उजेडाकडे धरून एक नजर टाकणे पुरेसे नाही. ती आधी पूर्ण स्वच्छ करावी. तेलाचा किंवा तांब्याचा थर खड्डे झाकून टाकतो. नळीचे तोंड विशेष काळजीने पाहावे, कारण तेथील ओरखड्याने नेम चुकतो. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती मोकळी जागा राहते, हे ‘गो’ आणि ‘नो-गो’ या मापकांनी तपासतात. ही जागा जास्त असल्यास कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

माउझर रायफलींत आणखी एक दोष संभवतो. लांब काडतूस बसावे म्हणून मूळ आखूड यंत्रणेचा आतील भाग कानशीने घासलेला असतो. हा भाग बोल्टच्या खालच्या खुंटाला आधार देणारा असेल, तर यंत्रणाच दुबळी होते. बाहेरून काहीही दिसत नाही. दस्ता काढूनच ते पाहावे लागते.

दुनळी रायफलीची परीक्षा निराळी. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात अशा रीतीने कारागीर त्या जोडतो. ही जुळणी एका विशिष्ट वजनाच्या गोळीला आणि विशिष्ट दारूलाच लागू असते. दारू बदलली की दोन नळ्या दोन दिशांना मारतात. त्यामुळे मूळ काडतुसाचा तपशील हाती असल्याशिवाय दुनळी रायफल घेणे शहाणपणाचे नाही. नळ्या आणि मागची चौकट यांच्यात फट पडली आहे का, हेही उजेडात धरून पाहावे.

दस्ता आणि ‘दुरुस्त्या’

फ्रेंच किंवा तुर्की अक्रोडाच्या दस्त्यावरील रेषा पाहून भल्याभल्यांचा तोल जातो. तथापि दस्त्यात पाहण्यासारख्या गोष्टी अन्य आहेत. यंत्रणेच्या मागील टोकाशी, म्हणजे जेथे धक्का सर्वाधिक बसतो तेथे, केसासारखी चीर आहे का? वर्षानुवर्षे झिरपलेल्या तेलाने लाकूड काळे व मऊ पडले आहे का? दस्त्याची लांबी वाढविण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी तो कापलेला आहे का? मालक बदलला की पहिली कुऱ्हाड बहुधा दस्त्यावरच पडते.

हौशी दुरुस्त्यांनी किंमत वाढत नाही, कमी होते. दुर्बीण बसविण्यासाठी नंतर पाडलेली भोके, चाक फिरवून घासलेला आणि पुन्हा निळा चढविलेला पोलादी भाग, पुसट झालेली अक्षरे या साऱ्या खुणा पारखी माणूस लगेच ओळखतो. मूळ रंग उडालेली पण कोणी हात न लावलेली रायफल ही नव्याने चकाकविलेल्या रायफलीपेक्षा अधिक मोलाची मानली जाते. जुन्या वाड्याच्या सागवानी खांबांना तैलरंग फासल्यावर जे होते, तेच येथेही होते.

नोंदवही आणि प्रूफ खूण

इंग्लिश रायफलींच्या बाबतीत खरेदीदाराला एक मोठी सोय आहे. प्रत्येक रायफलीवर अनुक्रमांक असतो आणि अनेक जुन्या पेढ्यांनी आपल्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. अनुक्रमांक कळविल्यास रायफल केव्हा पूर्ण झाली, कोणासाठी बनली, मूळ माप आणि नळीची लांबी काय होती, याचे पत्र शुल्क घेऊन मिळू शकते. या पत्रातील मजकूर आणि हातातील वस्तू जुळल्यास निम्मी शंका फिटते. न जुळल्यास विक्रेत्याची गोष्ट कितीही रंजक असो, तिला किंमत नाही.

दुसरा पुरावा प्रूफ खुणांचा. ब्रिटनमध्ये प्रत्येक नळीची जादा दाबाच्या काडतुसाने परीक्षा घेऊन तिच्यावर शिक्का मारला जातो. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला याची सनद १६३७ मध्ये मिळाली. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ चे. नळीचे माप बदलले तर नव्याने परीक्षा घ्यावी लागते. त्यामुळे शिक्क्यांच्या क्रमावरून रायफलीवर काय काय संस्कार झाले, हे वाचता येते. वैध प्रूफ नसलेली बंदूक विकणे हा तेथे गुन्हा आहे.

एका साध्या रायफलीचे मोल

नोंदींचे महत्त्व समजण्यासाठी जिम कॉर्बेटच्या रायफलीसारखे दुसरे उदाहरण नाही. १९०७ मध्ये कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्यूएट यांनी त्याला माउझर यंत्रणेवरील ‘.२७५ रिग्बी’ रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर या प्रसंगाची नोंद असलेली चांदीची लहानशी पट्टी आहे. एरवी ही रायफल साधीच. डोळे दिपविणारे कोरीव काम तिच्यावर नाही.

१९५५ साली केनियात कॉर्बेटचे निधन झाले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे त्याचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने १९४४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले होते. ही रायफल त्याच्या या प्रकाशकांकडे गेली आणि दीर्घकाळ त्यांच्या ताब्यात राहिली. अखेर २०१५ मध्ये खुद्द रिग्बी कंपनीने ती विकत घेतली. आपणच शतकापूर्वी विकलेली वस्तू बनविणाऱ्याने परत विकत घ्यावी, असा हा व्यवहार! २०१६ मध्ये ती कुमाऊंमध्ये आणून लोकांना दाखविण्यात आली. कॉर्बेटची दुसरी, जेफ्री कंपनीची ‘.४५०/४००’ दुनळी रायफल अमेरिकेतील प्रसिद्ध बंदूक-लेखक एल्मर कीथ यांच्या संग्रहात होती. २०१५ मध्ये त्या संग्रहाच्या लिलावात तिला अडीच लाख डॉलरहून अधिक किंमत आली. तशाच बनावटीच्या, पण कुळकथा नसलेल्या रायफलीला याच्या अंशानेही भाव मिळत नाही.

व्यवहाराची रीत

ब्रिटनमध्ये रायफल घेण्यासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र आधी लागते आणि त्यात रायफलीचे माप नमूद असते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार एका राज्यातील रायफल दुसऱ्या राज्यातील व्यक्तीला परवानाधारक विक्रेत्यामार्फतच पाठवावी लागते. १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे तेथील संघीय कायद्यात पुराणवस्तू मानली जातात. दूरच्या खरेदीत काही दिवसांची, बहुधा तीन दिवसांची, तपासणीची मुदत देण्याचा तेथील विक्रेत्यांचा प्रघात आहे. या मुदतीत रायफल झाडायची नसते. जाणकार कारागिराला दाखवायची असते. पसंत न पडल्यास ती परत करता येते. जो विक्रेता ही मुदत देण्यास खळखळ करतो, त्याच्याशी व्यवहार टाळावा, असा संकेत आहे.

आपल्याकडील कायदा

भारतात या छंदाला फार मर्यादा आहेत आणि त्या योग्यच आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका निर्माण करणाऱ्या प्राण्याबाबतही सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय बंदूक उचलता येत नाही. शस्त्र बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी तो देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीनची होती. ‘.३०३’ आणि ७.६२ मिलिमीटर या लष्करी काडतुसांच्या रायफली सामान्य नागरिकाच्या परवान्यात बसत नाहीत.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. नामांकित नेमबाजांसारखे अपवाद वगळता सामान्य परवानाधारकाला ती मागविता येत नाहीत. साहजिकच देशात पूर्वीपासून असलेल्या विदेशी रायफली हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती फुगतात. अशी रायफल दुसऱ्या परवानाधारकाला विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते.

शहरी वाचकाला या विषयाशी गाठ पडते ती बहुधा वारसाहक्काने. आजोबांच्या पश्चात माळ्यावर किंवा कपाटात त्यांची रायफल सापडते. ती ‘घरचीच’ आहे म्हणून ठेवून देणे बेकायदा ठरते. वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि मग स्वतःच्या नावे परवाना, विक्री अथवा निकामी करून घेणे यांपैकी मार्ग निवडावा. सोबतची जुनी काडतुसे कधीही झाडून पाहू नयेत. मात्र जुना परवाना, पावत्या, पत्रव्यवहार आणि शिकारीची छायाचित्रे फेकूनही देऊ नयेत. रायफल पुढे कोठेही गेली, तरी तिची ओळख त्या कागदांतच असते.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीच्या खुणा शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. तो काळ संपला आणि तो परत येऊ नये. परंतु त्या काळातील कारागिरी पोलादात आणि अक्रोडात अजून शिल्लक आहे. ती जपायची असेल, तर खरेदीदाराने घाई टाळावी, नळी मोजावी, कागद वाचावेत आणि एवढे झाल्यावरच नक्षीकडे पाहावे.